ढब्बूचं घोरणं

२ मार्च, सोमवार

फोमची कंपनी दर नवीन वर्षी एक जाडजूड डायरी पाठवते आणि ती कोरीच्या कोरी रद्दीत जाते. यंदाची उघडली, कारण आज ढब्बू दुकानाच्या पायरीवर कोसळला आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. ही म्हणाली, आज गिऱ्हाइकांशी बोलू नका, उगाच कुणाच्या तरी अंगावर जाल. मग करू काय? लिहितो.

ढब्बू म्हणजे आमचा पग जातीचा कुत्रा. लेकीनं हौसेनं आणला, मग तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली आणि 'चार दिवस सांभाळा' म्हणून आमच्याकडे सोडून गेली. ते चार दिवस अजून चालू आहेत. चपटं तोंड, बाहेर आलेले डोळे, कपाळभर आठ्या. दुकानात गाद्यांच्या थप्पीवर बसला की मालक तो आणि नोकर मी, असं गिऱ्हाइकांना वाटतं.

सकाळी रोजच्यासारखे चालत आलो. ऊन होतं, पण फार नव्हतं. पायरीवर तो थांबला, माझ्याकडे पाहिलं आणि त्याचे पायच गेले. जीभ निळी, घशातून करवत चालावी तसा आवाज. मी त्याला उचलून आत नेलं, पंखा लावला, पोटाखाली ओला टॉवेल घातला आणि "ढब्बू, ए ढब्बू" म्हणत राहिलो. दुसरं काही सुचेना. हळूहळू जीभ गुलाबी झाली. मग त्यानं एक बिस्कीट खाल्लं. बिस्कीट खाल्लं म्हणजे बरा आहे, असं मी म्हणालो. हिनं प्राण्यांच्या दवाखान्यात फोन करून उद्याची वेळ घेतली.

३ मार्च, मंगळवार

डॉक्टरीणबाई आमच्या लेकीपेक्षाही लहान दिसतात. पहिल्याच वाक्यात मला काका म्हणाल्या, म्हणजे भांडायची सोय राहिली नाही.

त्यांनी ढब्बूच्या नाकासमोर कापसाचा एक तंतू धरला. तो हलेचना. ह्या नाकपुड्या नाहीतच, नुसत्या चिरा आहेत, असं त्या म्हणाल्या. शिवाय टाळूचा मागचा मऊ भाग लांब आहे. तो श्वासनळीच्या तोंडावर लोंबतो आणि दर श्वासाला आत ओढला जातो. माणसानं निवडून निवडून ह्या कुत्र्यांचं तोंड आखूड करत आणलं, पण तोंडाच्या आतला ऐवज काही आखूड झाला नाही. हे मला लगेच समजलं. छोट्या खोळीत मोठी उशी कोंबली की असंच होतं.

उपाय म्हणजे ऑपरेशन. नाकपुड्या रुंद करायच्या, टाळूचा जास्तीचा भाग काढायचा. त्याआधी वजन उतरवायचं, गळ्यातला पट्टा काढून छातीचा पट्टा आणायचा, खोली गार ठेवायची. भूल द्यावी लागेल का, मी विचारलं. लागेल. अशा कुत्र्यांना भूल देताना जास्त जपावं लागतं, हेही त्यांनी लपवलं नाही.

मी नाही सांगून आलो. लोकांना झोपवणं हा माझा धंदा आहे, पण झोपलेला उठेल की नाही ह्याची खात्री नसेल तर तो धंदा मला नको.

तो घोरतो का, असंही त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, घर दणाणतं. ही शेजारून म्हणाली, "दोघंही." आता मी थोडा घोरतो, नाही म्हणत नाही. दमून झोपणारा माणूस घोरणारच. पण कुत्र्याच्या आजारपणात माझं काय मध्ये काढायचं?

७ मार्च, शनिवार

बिस्किटं बंद. ढब्बूची आणि, का कोण जाणे, माझीही. हिनं लोण्याचा डबा कुठं दडवलाय ते सापडत नाही.

डोकं सकाळपासून ठणकतंय, तोंडाला कोरड आहे. काळजीनं झोप पुरी होत नाही. दुपारी एका जोडप्याला स्प्रिंगची गादी दाखवता दाखवता बसल्या जागी माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा दोघं हसत होती, आणि तीच गादी घेऊन गेली. आमच्या धंद्यात हे खपून जातं.

हिचीही झोप उडालेली आहे, पण ती आजची गोष्ट नाही. ढब्बूच्या घोरण्याला कंटाळून ही लेकीच्या खोलीत झोपायला गेली त्याला वर्ष होत आलं. तरी रडगाणं तेच, झोप लागत नाही. मी हात आखडता घेतलेला नाही. आधी कडक गादी दिली, मग मऊ, मग रबराची, जिच्यावर मी गिऱ्हाइकाला बूट घालून बसूही देत नाही. हिच्या डोळ्यांखालचं काळं ते काळंच. गावाला झोप विकतो आणि घरात ही तऱ्हा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

शिवाय दाराची कटकट आहे. खोली गार राहावी म्हणून रात्री एसी लावून दार घट्ट लावतो आणि सकाळी ते सताड उघडं असतं. कडी ढिली झाली असणार. बैठकीच्या खोलीतला लोडही रोज सकाळी माझ्या पाठीला टेकवलेला सापडतो. ढब्बूनं ओढून आणला म्हणावं, तर लोड त्याच्यापेक्षा मोठा आहे.

१० मार्च, मंगळवार

दोन्ही बाजूंनी उघडणारी नवी कडी बसवली. सुताराला बोलावलं नाही, स्वतः बसवली, अंगठा सोलून घेतला.

डॉक्टरीणबाईंचा फोन आला. ऑपरेशनचं राहू द्या, निदान तो झोपेत कसा श्वास घेतो ते फोनवर रेकॉर्ड करून पाठवा, म्हणाल्या. ते सोपं आहे, तो माझ्या पायाशीच झोपतो.

मग लेकीचा फोन. "बाबा, तू एवढा का घाबरतोस?" मी म्हटलं, घाबरतंय कोण. पण इथं खोटं कशाला लिहू? माझे वडील दुकानामागच्या खोलीत, स्वतः भरलेल्या कापसाच्या गादीवर, झोपेत गेले. तेव्हा ते आज मी आहे त्याच वयाचे होते. काय घोरायचे, समोरच्या दुकानात ऐकू जायचं. त्या सकाळी आवाज येईना म्हणून आई चहा घेऊन आत गेली. सगळे म्हणाले, पुण्यवान माणूस, सुखाचं मरण आलं. मीही गिऱ्हाइकांना हे अभिमानानं सांगतो. पण तेव्हापासून झोपलेल्या माणसाला एकदा हलवून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि भूल दिलेल्या ढब्बूला मला हलवता येणार नाही.

नव्या कडीचा उपयोग होईल असं वाटतं.

१२ मार्च, गुरुवार

उपयोग नाही. दार उघडंच.

काल रात्रीचं रेकॉर्डिंग सकाळी पाठवून दिलं. मी स्वतः ऐकलं नाही. आपल्या कुत्र्याचं तडफडणं कानानं ऐकवत नाही, दुरून ऐकतो तेवढं पुरे. दुपारी बाईंचा फोन आला. आवाजावरूनच कळलं, काही खरं नाही.

"काका, मला वाटलं होतं त्याहून हे वाईट आहे," त्या म्हणाल्या. "तो घोरता घोरता गप्प होतो. श्वासच नसतो. मग एकदम हबकून हवा ओढतो. असं परत परत. वजन उतरायची वाट बघायला नको." मग म्हणाल्या, काकू मधेच येऊन त्याला कुशीवर वळवतात ना, पावलांचा आवाज येतो. लगेच श्वास मोकळा होतो. चांगलं करतात, चालू ठेवा म्हणावं.

मला ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं हिला ढब्बू नकोसा झालाय. संध्याकाळी मी म्हटलं, ढब्बूसाठी रात्री उठतेस आणि कधी बोलली नाहीस. ही माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मी ढब्बूसाठी उठत नाही." चांगुलपणा कबूल करायला हिला पहिल्यापासून जड जातं. मला भरून आलं. 

ऑपरेशनला हो सांगितलं. सांगितल्यापासून झोपलेल्या ढब्बूला दोनदा हलवून पाहिलं.

१७ मार्च, मंगळवार

दवाखान्याच्या बाकावरून लिहितोय. ढब्बूला आत नेलं. जाताना त्यानं मागं वळून पाहिलं नाही, त्याला वाटलं बिस्कीट मिळणार.

येताना सिग्नलला गाडी उभी होती आणि मागच्यानं हॉर्न वाजवला तेव्हा कळलं की हिरवा कधीच लागलाय. माझे डोळे मिटलेले होते. दवाखान्यात पोचल्यावर हिनं माझ्याकडची किल्ली घेतली. परत जाताना मीच चालवणार म्हणाली.

आत टाळूचा भाग काढला की तिथं सूज येते. भूल उतरताना ती सूज हवा अडवू शकते, म्हणून ऑपरेशनपेक्षा नंतरचा वेळ नाजूक. हे बाईंनी समजावून सांगितलं, आणि समजल्यामुळे माझी अवस्था आणखी वाईट झाली. उठतो, दारापर्यंत जातो, येतो. प्राण्यांच्या वजनकाट्यावर उभा राहिलो, तो कुत्र्यांसाठी आहे असं मदतनीस मुलगी म्हणाली. बसलो तर मान पुढं पडते. मान पडली की ही कोपरानं ढोसते. तिसऱ्यांदा ढोसल्यावर मी वैतागलो, म्हटलं माणसाला जरा डुलकीही घेऊ देत नाहीस. ही म्हणाली, "उठा, चहा घेऊन या." तिला चहा नको होता, तो तिनं तसाच ठेवला.

१८ मार्च, बुधवार

आहे. ढब्बू आहे.

काल आत बोलावलं तेव्हा बघितलेलं विसरणार नाही. ढब्बू पोटावर बसलेला, डोळे उघडे, शुद्धीवर, आणि तोंडात श्वासाची नळी तशीच. मी म्हटलं, अहो, काढा ती, त्याला त्रास होत असेल. बाई हसल्या. इतर कुत्री जाग आली की नळी लगेच ओकून टाकतात, म्हणाल्या. ही चपट्या तोंडाची कुत्री मात्र जागी होऊनही नळी धरून बसतात. जन्मात पहिल्यांदा पोटभर हवा मिळत असते, सोडवत नाही त्यांना.

मी तिथंच रडलो. सगळ्यांसमोर. हिनं पाठीवर हात ठेवला.

२४ मार्च, मंगळवार

ढब्बू घरी आहे आणि घर गप्प आहे. गार, मऊ खाण्याचे गोळे करून भरवतो. नाकपुड्यांना टाके आहेत, पण त्या आता नाकपुड्या दिसतात. आज गॅलरीत कबूतर उतरलं तर चक्क धावला, आणि परत येऊन तोंड मिटून बसला. तोंड मिटून! लेकीला फोनवर दाखवलं तर ती रडायला लागली. घरात रडायची साथच आली आहे.

आता एकच राहिलं. मी हिला म्हटलं, ढब्बूचं घोरणं गेलं, आता आपल्या खोलीत ये. फार सहज म्हटलं असं दाखवलं, पण दिवसभर मनात जुळवत होतो. ही म्हणाली, "बघू."

बघू काय? बघायचं काय राहिलंय? मला हे लागलं. ढब्बू निमित्त होता आणि हिला माझाच कंटाळा आलाय, असंही असेल. इतक्या वर्षांनी ते विचारायचं कसं, तेही कळत नाही. रागानं दोन उशा उसवून पुन्हा भरल्या.

बाईंना पुन्हा झोपेचं रेकॉर्डिंग हवं आहे. आजपासून रोज लावतो.

२७ मार्च, शुक्रवार

पायाखालची जमीन सरकली आहे. रेकॉर्डिंग ऐकून बाई म्हणाल्या, फरक नाही. तसंच घोरणं, तसंच थांबणं. त्यांनाही समजेना. जागेपणी उत्तम आहे, जखम भरते आहे, मग झोपेत काय होतंय? आज रात्री त्याला दवाखान्यात ठेवून घेतलंय, त्या स्वतः लक्ष ठेवणार आहेत.

म्हणजे पुन्हा कापाकापी? मी दुकान अर्ध्यावर बंद केलं. घरात सगळ्या खोल्यांतून फिरून झालं. त्याचा पट्टा खुंटीवर आहे तो बघवत नाही. ही म्हणते झोपा आता. झोपतो कसला.

२८ मार्च, शनिवार

सकाळी बाईंचा फोन आला. ढब्बू रात्रभर तोंड मिटून, लहान मुलासारखा झोपला. एकदाही अडखळला नाही. मला इतका आनंद झाला की मी फोन ठेवताना त्यांना "शाब्बास" म्हणालो.

मग फोन हातात होता म्हणून पाहिलं, तर रात्री सवयीनं रेकॉर्डिंग लावलेलं. ढब्बू नसताना. पुसून टाकावं म्हणून उघडलं आणि बोट चुकून सुरू करायच्या खुणेवर पडलं.

घोरणं. घर दणाणणारं. मधे एकदा कडी वाजल्याचा आवाज. मी ऐकत उभा राहिलो. ढब्बू घरात नव्हता. पट्टा खुंटीवर होता, मी पुन्हा जाऊन पाहिलं.

मग घोरणं थांबलं. काहीच नाही, नुसती एसीची घरघर. मला वाटलं रेकॉर्डिंग संपलं. संपलं नव्हतं. तेवढ्यात पावलं आली, काहीतरी जड ओढल्याचा आवाज झाला, आणि हिचा आवाज. अगदी हळू, कुणी उठू नये अशा बेतानं.

"अहो, श्वास घ्या."

मग हबकून हवा ओढल्याचा आवाज. बाईंनी सांगितला होता अगदी तसा.

स्वयंपाकघरात गेलो. ही कपबशा विसळत होती. मी फोन पुढं केला, पुन्हा लावला. तिनं पूर्ण ऐकलं नाही, नळ बंद केला. मी म्हटलं, सांगितलं का नाहीस?

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही गादी बदलून दिलीत."

मी खाली बसलो. मग तिनं सगळं सांगितलं, भांडी पुसता पुसता, चिडली नाही. शेजारी पडून ऐकत राहिली की तिला रात्रभर डोळा लागायचा नाही. म्हणून लेकीच्या खोलीत गेली आणि मधलं दार उघडं ठेवायला लागली. घोरणं ऐकू आलं की तिला झोप लागते, थांबलं की जाग येते. मग येऊन मला कुशीवर वळवायचं, पाठीला लोड लावायचा, आणि परत जायचं. वर्षभर. आणि मी तिला गाद्या देत होतो, आणि दाराला कडी बसवत होतो.

मी तिला काय म्हणालो ते इथं लिहीत नाही. 

३० मार्च, सोमवार

टाके काढायचे म्हणून बाईंनी ढब्बूला आजपर्यंत ठेवून घेतलं होतं, त्याला आणायला गेलो. सगळं सांगून टाकलं, मान खाली घालून. माझ्या घोरण्यापायी त्याच्या टाळूला कात्री लागली की काय, हे मला खात होतं. बाई आधी थक्क झाल्या, मग खूप हसल्या, आणि मग गंभीर झाल्या. त्याचं नाक बंद होतं आणि टाळू लांब होता, ते मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणाल्या. ऑपरेशन करायचंच होतं. चूक माझीही झाली, आवाज कुणाचा ते मी विचारलं नाही, त्यामुळे घाई केली एवढंच, असं त्यांनी कबूल केलं.

"पण काका, ते रेकॉर्डिंग कुत्र्याचं समजून मी हादरले होते," त्या म्हणाल्या. "माणसाचं असेल तर तुम्ही अजून इथं काय करताय?"

बाहेर गाडीत ही वाट बघत होती. वडिलांचं सुखाचं मरण मला तिथं, दवाखान्याच्या पायरीवर, पहिल्यांदा नीट कळलं. त्यांना कुणी कुशीवर वळवलं नव्हतं. आईला झोपेच्या गोळ्या असायच्या.

९ एप्रिल, गुरुवार

माणसांच्या डॉक्टरनं अंगभर वायरी लावून मला झोपवलं. एवढ्या वायरींत झोप लागायची नाही, असं मी सांगेपर्यंत लागली म्हणे. निकाल काय, तो मला आधीच ठाऊक होता. माझा घसा झोपेत मिटतो. जागेपणी मोकळा, झोपलो की बंद. डॉक्टर भराभर सांगत होता आणि मला ढब्बूच्या नाकासमोरचा तो कापसाचा तंतू दिसत होता.

झोपताना तोंडावर मुखवटा लावायचा, त्यातून हवा येते आणि घसा उघडा राहतो. वजन उतरवायचं. ढब्बूला मिळालेला सल्ला मला मिळाला, फक्त छातीचा पट्टा सोडून. लेक फोनवर म्हणाली, बाबा, तू आणि ढब्बू एकत्रच फिरायला जा आता. मी म्हटलं, जातोच आहे, तो पुढं असतो.

१२ एप्रिल, रविवार

मुखवट्याला ढब्बू भुंकला. बरोबर आहे, मीही भुंकलो असतो. पट्टे घट्ट, नाकाला रग, मध्येच काढून टाकावा असं वाटत होतं. पण सकाळी डोकं दुखत नव्हतं. कितीतरी महिन्यांनी डोकं हलकं होतं.

हिची मात्र पंचाईत झाली. आवाजच नाही म्हटल्यावर तिला झोप लागेना. रात्री कितीदा येऊन बघून गेली, छातीवर हात ठेवून गेली, असं सकाळी म्हणाली. डोळे लाल होते. मी म्हटलं, इतक्या चकरा मारण्यापेक्षा इथंच झोप ना. ह्या वेळी सहज म्हटल्याचा आव आणला नाही. ती म्हणाली, त्या गादीवर? ती आमची लग्नातली कापसाची गादी, मधे खड्डा पडलेली. मी म्हटलं, दुकानातली कुठलीही आणतो, सांग. ती म्हणाली, नको, आता गादी नको.

१८ एप्रिल, शनिवार

सकाळी जाग आली तेव्हा उजाडून बराच वेळ झाला होता. मुखवटा अजून तोंडावर होता आणि मला तो काढवेना. नळी धरून बसलेला ढब्बू आठवला. तसाच पडून राहिलो आणि पाहिलं. दार बंद होतं, कडी लागलेली. लोड बैठकीच्या खोलीतच असणार, इथं नव्हता. पायाशी ढब्बू तोंड मिटून झोपला होता.

आणि शेजारी ही. चहाची वेळ टळून गेली तरी हलली नाही. एक हात माझ्या छातीवर, तोंड किंचित उघडं, आणि घोरत होती. बारीक आवाजात, सलग, मधे कुठंही न थांबता. मी बराच वेळ कान देऊन ऐकलं.

वडील गेल्यापासून झोपलेल्या माणसाला हलवून पाहिल्याशिवाय मला राहवत नाही. आज हलवलं नाही. चहा मी केला, तिचा झाकून ठेवला, आणि दुकान उघडायला ढब्बू आणि मी हळूच बाहेर पडलो. ती अजून झोपलेली आहे.